पाठीवरचं कातडं

ढलपी उठली तेव्हा जाईच्या जाण्याला सतरा दिवस उरले होते.

धम्मानंद गजभियेंना ती दिसली नाही, आधी अंगठ्याला लागली. कामावरून आले की चहाच्याही आधी ते धनुष्य हातात घेत, दोरी चढवत, वीस-पंचवीसदा अर्धंमुर्धं ओढत आणि दोरी उतरवून पाठीवरून अंगठा फिरवत. पाठ म्हणजे निशाणाकडे तोंड असलेली बाजू. ओढताना लाकडावरचा सगळा ताण तिच्यावर येतो. त्या शुक्रवारी वरच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, अंगठा अडखळला. त्यांनी चष्मा बदलला आणि धनुष्य खिडकीच्या उजेडात धरलं. केसाएवढी चीर होती, लाकडाच्या रेषा सोडून तिरकी गेलेली, दोन बोटं लांब. तिच्या टोकाशी नखाएवढी ढलपी उठली होती.

स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवायच्या जागेत ते स्टुलावर तसेच बसून राहिले. टॅम्पिनीस उपनगरातल्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या वाट्याला एवढीच जागा होती. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला फळीवर रंधा, कानशी, शिकंजे.

चीर म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सव्वीस वर्षं ते हेच काम करत होते. विमानांचे सुटे भाग दुरुस्तीला येतात, ते धुऊन, त्यांच्यावर रंग चढवून, अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बघायचे. चीर असेल तर रंग आत शिरतो आणि हिरव्या रेघेसारखा चमकतो. रेघ दिसली की भाग बाद. खाली सही करायची, तारीख घालायची. इतकी बारीक आहे, चालून जाईल, असं त्या खोलीत कुणी बोलत नसे आणि बोललं तर धम्मानंद ऐकून घेत नसत.

पण हे धनुष्य बाद करायचं म्हणजे काय बाद करायचं, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

अकरा महिने लागले होते. सुंगेई कडुटच्या एका वखारीतून हिकरी लाकडाची फळी आणली होती, तीही चार फळ्या परत करून. सुट्टीच्या दिवशी रंधा मारायचा, पातं भिंतीवरच्या खुंटीला लावून दोरीने ओढून बघायचं, कुठे जास्त वाकतं, कुठे ताठ राहतं ते पेन्सिलीने खुणावायचं आणि तिथलं लाकूड पोटाच्या बाजूने कानशीने कणाकणाने काढायचं. या बेटावरची हवा ओली, लाकूड पाणी पितं, म्हणून कॅमेरे ठेवायचं कोरडं कपाट त्यांनी जुन्या सामानातून मिळवलं आणि आतले कप्पे काढून त्यात धनुष्य तिरकं उभं केलं. ओढायला सव्वीस पाउंड जोर लागेल असं, हलकं. त्यांना स्वतःला असलं धनुष्य खेळण्यासारखं वाटलं असतं. ते जाईच्या खांद्याच्या मापाने केलं होतं.

जाई त्यांची एकुलती मुलगी, तेवीस वर्षांची. लीड्समधलं शिक्षण आटोपून पाच आठवड्यांसाठी घरी आली होती. पुढे नेदरलँड्समध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. गेली चार वर्षं ती वडिलांशी 'हो', 'नाही' आणि 'आईला दे' यापलीकडे बोलली नव्हती.

त्याआधी ती फार बोलायची. दहा वर्षांची असताना धम्मानंदांनीच तिला तिरंदाजीच्या क्लबात नेलं होतं. शनिवार-रविवार बापलेक पहाटे उठून जायचे, उन्हं चढेपर्यंत बाण मारायचे, मग हॉकर सेंटरवरच्या टपरीत नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट खाऊन घरी यायचे. सतरा-अठराव्या वर्षी ती इतकी पुढे गेली की राष्ट्रीय निवडीच्या यादीत तिचं नाव आलं. आणि निवडीला सोळा दिवस असताना उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांना दाखवलं, तपासणी झाली. फॉर्मवर धम्मानंदांनी आपला ईमेल दिला होता, म्हणून रिपोर्ट त्यांच्याकडे आला. खांद्याचा स्नायू अर्धवट फाटलाय, सहा आठवडे पूर्ण विश्रांती, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"काय म्हणतायत डॉक्टर?" जाईने विचारलं.

"किरकोळ आहे," ते म्हणाले होते. "आठवडाभर हलकं मार. मग हरकत नाही."

निवडीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली. पुढचं वर्षभर तिला स्वतःचे केस बांधता येत नव्हते, अंजली बांधून द्यायची. नशीब, दुसरं काय, असं सगळे म्हणत होते आणि धम्मानंदही म्हणत होते. मग एकदा विम्याचा कागद शोधताना जाईने त्यांचा लॅपटॉप उघडला. तिने आरडाओरडा केला नाही. रिपोर्टची प्रिंट काढली, त्यांच्या जेवायच्या जागेवर ठेवली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. महिन्याभराने ती लीड्सला गेली.

माफी मागायचे दोन-तीन प्रयत्न त्यांनी फोनवर केले होते. "नाही, लेक्चर आहे. आईला दे," एवढंच यायचं. मग त्यांनी फळी आणली.

आणि आता ही चीर.

"काय झालं?" अंजलीने आतून विचारलं. "चहा निवतोय."

"काही नाही. येतो."

*

रात्रभर त्यांनी हिशेब मांडला. नवी फळी आणून सतरा दिवसांत धनुष्य होणार नव्हतं. चीर बारीक आहे, धनुष्य हलकं आहे. पातळ गोंद आत सोडून शिकंज्यात दाबलं तर धरेल. सव्वीस पाउंड म्हणजे काय असतं? शनिवारी सकाळी जाई मैत्रिणींकडे गेली आणि त्यांनी चीर जराशी उघडून त्यात सुईने गोंद सोडला, ढलपी दाबून बसवली. दुपारपर्यंत वाळलं, पॉलिशपेपर मारला. तरी रेघ दिसतच होती. गोंद प्यायलेलं लाकूड काळपट पडतं.

मग त्यांना मिस्टर सिया आठवले.

सिया खालच्या कॉफी शॉपमध्ये रोज एकाच टेबलाशी बसणारे. चाळीस वर्षं त्यांचा कातड्याचा धंदा होता. अजगराची कातडी बाहेरून यायची आणि पर्सा-पट्ट्यांसाठी पुढे जायची. आता दुकान नव्हतं, घरात दोन-चार गुंडाळ्या उरल्या होत्या आणि त्यांचे पिवळे पडलेले परवाने. धनुष्याची गोष्ट कळल्यावर त्यांनी पूर्वी एकदा आपणहून विचारलं होतं, "पाठीला सापाचं कातडं लाव ना! अमेरिकेतले लोक लावतात, आमच्याकडून न्यायचे." तेव्हा धम्मानंद नको म्हणाले होते. लाकूड उघडंच छान दिसतं, असं त्यांचं मत होतं.

"आता हवं झालं?" सियांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन भेंडोळी टेबलावर ठेवली. "हे कमावलेलं नाही हं, नुसतं वाळवलेलं. कागदासारखं. धनुष्याला हेच लागतं." मग चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "पण एक लक्षात ठेव. याने लाकडाला जोर येत नाही. पावसापासून, ओरखड्यापासून वाचवतं, बाकी शोभा. माझ्याकडे गिऱ्हाइकं यायची ना, काही जण फुटकं झाकायलाच न्यायची. पुढे तुटलं की मलाच शिव्या."

"माझं चांगलं आहे," धम्मानंद म्हणाले.

*

रविवारी सकाळी अंजलीने ती भेंडोळी पाहिली आणि दोन पावलं मागे गेली. "सापाचं? याच घरात आपण वंदना घेतो ना?"

"चाळीस वर्षांपूर्वी मेलाय तो, अंजली."

"मेला असेल. मी हात लावणार नाही. आणि चिकटवायचा तो सरस माझ्या पातेल्यात गरम करायचा नाही, सांगून ठेवते." ती विहारातल्या बायकांबरोबर जायला तयार झाली होती. दारात थांबून हळू आवाजात म्हणाली, "तिला विचारून बघा ना. घरीच आहे."

त्यांनी विचारलं नसतं. पण कातडं लावायला दोन माणसं लागतात. ओलं कातडं निसटतं. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने मधल्या रेषेवर बसवत न्यायचं. ते एकटेच धडपडत होते. कोमट पाण्याच्या टबात कातडी भिजून मऊ पडली होती. एक बाहेर काढून ते बोथट सुरीने तिची आतली बाजू खरवडत होते आणि दुसरं टोक पुन्हापुन्हा फळीवरून घसरत होतं.

"मी धरते."

जाई दारात उभी होती. पायजमा, विस्कटलेले केस, हातात कॉफीचा मग. तो तिने मशीनवर ठेवला आणि टोक धरलं.

बोललं तर ती जाईल अशी धम्मानंदांना भीती वाटली. ते खरवडत राहिले. पांढरट पातळ पापुद्रा सुटत होता, सुरीला चिकटत होता.

"ईऽ! वास येतो रे," ती म्हणाली. "पण डिझाइन बघ. सो प्रीटी." थोड्या वेळाने म्हणाली, "हे माझ्यासाठी आहे ना? आई म्हणाली."

"हो. तुला नको असेल तर..."

"मी असं म्हटलं का?" ती कातड्याकडेच बघत होती. "मी लीड्सला मारत होते, बाबा. लास्ट विंटरपासून. फिजिओने सांगितलं लाइट धनुष्य असेल तर ओके. क्लबचं होतं, वीस पाउंडवालं. कुणाला सांगितलं नव्हतं. आईलापण नाही."

त्यांच्या हातातली सुरी थांबली. बाण मारणं तिने कायमचं सोडलंय असं ते चार वर्षं धरून चालले होते.

"छान," ते म्हणाले.

सरस पातळ झाला होता. त्यांनी धनुष्य शिकंज्यात पाठ वर करून लावलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. जाईने सवयीने पाठीवरून अंगठा फिरवला, त्यांनीच शिकवल्यासारखा, मुठीपासून टोकाकडे. वरच्या पात्यावर वीतभर अंतरावर तिचा अंगठा थांबला.

"ही रेघ कसली?"

नंतर कित्येक दिवस धम्मानंद तो क्षण आठवत राहिले. ते घाबरले नव्हते, त्यांना घाई नव्हती, कुणी अडवलं नव्हतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ती त्यांच्या शेजारी उभी होती, तिच्या बोटांना सापाचं पाणी लागलेलं होतं, तिने त्यांना बाबा म्हटलं होतं.

"लाकडाचीच आहे," ते म्हणाले. "जात आहे त्याची."

"ओके," जाई म्हणाली.

त्यांनी ब्रशने सरस पसरला. चिरेवरून ब्रश दोनदा गेला. मग कातडं. डोक्याकडची रुंद बाजू मुठीशी, शेपटीकडची निमुळती टोकाशी. जाईने टोक उचलून धरलं आणि ते मधल्या रेषेवर कातडं बसवत गेले, दोन्ही अंगठ्यांनी मधून कडेला दाबत, खालची हवा आणि जास्तीचा सरस बाहेर काढत. "इथे बबल आहे, बाबा." "दाब तू." "गेला." तिचे अंगठे त्यांच्या अंगठ्यांच्या मागोमाग येत होते. काळ्या-पिवळ्या नक्षीचे चौकोन लाकडावर एकेक करून बसत गेले. वरचं पातं झालं, खालचं झालं, मुठीवर दोन्हींची टोकं जुळवली, कडेचं कातडं खाली दुमडलं आणि सगळ्यावर क्रेप बँडेज गुंडाळलं. गुंडाळायचं काम जाईने केलं. तिला त्याची सवय होती.

रेघ कुठे होती ते आता त्यांनाही शोधून सापडलं नसतं.

*

पुढचे बारा दिवस घर बदललं. अंजलीला कारण विचारायचीही गरज वाटली नाही. चौथ्या दिवशी बँडेज सोडताना जाई समोर होती. कडेचं वाळलेलं कातडं कानशीने उतरवताना, सुटे खवले चिकटपट्टीने उचलताना, वार्निशचे पाच हात देताना ती होतीच. सकाळी ती त्यांच्याबरोबर खाली जाऊन नाश्ता करायला लागली. सियांना तिने फोटो दाखवले, ते म्हणाले, "व्हेरी नाइस लाह, युअर फादर गुड हँड." ती हसली आणि धम्मानंदांनी हातातला टोस्ट परत बशीत ठेवला.

बुधवारी अंजली भाजी निवडताना म्हणाली, "तुमच्याशी बोलते ती. मी आत जाऊन रडून घेतलं." मग त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काहून असे दिसता पण? जेवण नाही, झोप नाही."

"ती जाणार म्हणून."

कामावर ते दिव्याखाली बसत. एका ब्रॅकेटच्या कोपऱ्यात हिरवी रेघ चमकली, केसाहून बारीक. शेजारचा अनिमेष, कोलकात्याचा पोरसवदा इंजिनिअर, वाकून बघत म्हणाला, "सर, ये तो दिख भी नहीं रहा." धम्मानंदांनी बादचं लेबल लावलं, सही केली. तारीख चुकली, ती खोडून पुन्हा घातली. अनिमेषने ते पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

रोज ते ठरवत होते, आज सांगू. जेवताना सांगू, लिफ्टमध्ये सांगू. आणि रोज असं वाटायचं की अजून एक दिवस असाच जाऊ दे. गोंद धरेल, असंही वाटायचं. ती बाहेर गेली की ते धनुष्य पुन्हा पुन्हा ओढून बघत. पन्नासदा ओढलं, काही झालं नाही. सत्तरदा ओढलं. हळूहळू त्यांचा त्यावर विश्वास बसायला लागला. डॉक्टरांच्या सहा आठवड्यांचा एक आठवडा करताना बसला होता, तसाच.

*

विमान सोमवारी होतं. शनिवारी सकाळी ते तिघे क्लबात गेले. अंजली सावलीतल्या बाकावर बसली. आभाळ भरलेलं होतं, हवा जड, मैदानाच्या टोकाला निशाणं फिकट दिसत होती.

"आधी मी ओढतो," धम्मानंद म्हणाले.

"का?"

"नवीन आहे. पद्धत असते."

त्यांनी सहा बाण मारले. धनुष्य गोड चाललं. सातवा हातात घेतला तेव्हा जाई म्हणाली, "पुरे की, मला दे." त्यांनी दिलं.

ती रेषेवर उभी राहिली. पाच वर्षांनी त्यांनी तिला तसं उभं पाहिलं. डावा पाय किंचित पुढे, मान ताठ, उजवं कोपर उंच. आधीपेक्षा सावकाश ओढत होती, खांद्याला विचारत विचारत. पहिला बाण बाहेरच्या कड्यात लागला, दुसरा आत, तिसरा मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या कडेला. ती वळली आणि लहानपणीसारखी खळखळून हसली. अंजलीने टाळ्या वाजवल्या.

चौथ्या बाणाला तिने दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि धम्मानंदांना आवाज आला. काडेपेटीची काडी मोडावी एवढाच. टिक्.

"थांब!" ते ओरडले. "सोडू नको! हळू... हळू परत आण. तोंड बाजूला कर!"

ती दचकली, पण शिकलेलं विसरली नव्हती. मान वळवून तिने दोरी सावकाश परत नेली. बाण काढला. "काय झालं? मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी तिच्या हातातून धनुष्य घेतलं आणि दोरी उतरवली. वार्निशखाली खवल्यांची नक्षी जशीच्या तशी होती, कुठे सुरकुतीसुद्धा नव्हती.

"आत चीर आहे," ते म्हणाले. "त्या रेघेपाशी. वाढली असणार."

"कुठली रेघ?" तिने विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं. चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. "मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू म्हणालास लाकडाची आहे."

"हो."

"कधीपासून माहीत होतं?"

"दोन आठवडे. कातडं लावायच्या आदल्या शुक्रवारपासून."

बाजूच्या रेषेवर कुणीतरी बाण सोडला, निशाणावर धप्प आवाज आला. जाईने बोटांवरची चामड्याची टोपणं एकेक करून काढली.

"मी सांगणारच होतो, जाई. रोज सांगणार होतो. आत्तासुद्धा मी..."

"आवाज आला म्हणून सांगितलंस." ती मोठ्याने बोलत नव्हती. "आवाज आला नसता तर?"

सोमवारी ती धनुष्य घेऊन गेली असती. तिकडे एखाद्या थंड सकाळी, अनोळखी मैदानावर ओढलं असतं. डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

"मी एमआरटी ट्रेनने जाते," जाई म्हणाली आणि आईकडे गेली. दोघी काही बोलल्या. अंजलीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं, मग पर्स उचलली आणि मुलीबरोबर निघाली.

ते एकटेच मैदानावर राहिले. निशाणातले बाण त्यांनी काढून आणले. नऊ बाण, त्यातले तीन तिचे. पाऊस सुरू झाला तेव्हा सगळे शेडखाली धावले. धम्मानंद धनुष्यावर छत्री धरून चालत आले आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन त्यांनी छत्री मिटली.

*

घरी तिने भांडण केलं नाही. ते झालं असतं तर बरं, असं अंजलीला वाटत होतं. बॅगा भरून झाल्या. रविवारी रात्री जेवताना धम्मानंद म्हणाले, "माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि आत्ताही."

"आय नो," जाई म्हणाली. पोळीचा तुकडा मोडत तिने पुढे विचारलं, "बाबा, तुला माहितेय मला कशाचं वाईट वाटतं? ते बारा दिवस चांगले होते. आता मला कळत नाही, ते खरे होते का नाही."

"खरे होते."

"तुझ्यासाठी असतील."

अंजली उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ चालू राहिला.

चांगी विमानतळावर तिने आईला घट्ट धरलं. वडिलांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "टेक केअर." काचेच्या पलीकडे गेल्यावर वळून पाहिलं ते आईकडे.

परतताना टॅक्सीत अंजली म्हणाली, "एवढी माणसं बसतात त्या विमानात. त्याच्या चिरा तुम्ही बघता. मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही, पहिल्या वेळीसुद्धा. पोरीला पुढे न्यायचं म्हणून केलं असेल, म्हटलं. या वेळी काय सांगू मी स्वतःला?"

ती आपल्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

*

महिनाभर धनुष्य कोरड्या कपाटात होतं. तुकडे करून टाकून द्यावं असं त्यांना रोज वाटे, पण त्याआधी एक गोष्ट बघायची होती. एका शनिवारी दुपारी त्यांनी धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला लावलं, दोरी कप्पीतून खाली घेतली, लांब सोडली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहून ओढायला सुरुवात केली. ती जेवढं ओढते तेवढंच. ओढायचं, सोडायचं, मोजायचं.

अंजली पेपर वाचत होती. "कशासाठी?" तिने विचारलं.

"किती वेळाने गेलं असतं, बघतोय."

"आणि नाही तुटलं तर? तर चूक कमी होणार आहे?"

"नाही," ते म्हणाले. "तरी बघायचंय."

एकशे बाराव्या वेळी ते तुटलं. आवाज एवढा मोठा झाला की शेजारच्या मलय आजीने दार उघडून हाक मारली. वरचं पातं बरोबर चिरेपाशी फुटलं होतं, लाकडाचे पांढरे दात बाहेर आले होते, मध्ये गोंदाचा काळपट डाग. एक अणकुचीदार तुकडा उडून मशीनच्या पत्र्याला पोचा पाडून गेला होता. बाकीचं कातड्याने धरून ठेवलं होतं. दोन भाग वेगळे करायला त्यांना सुरीने कातडं कापावं लागलं. धार तीक्ष्ण होती, तरी चिवट कातडं लवकर कापलं गेलं नाही.

तिने त्या सकाळी तीन बाण मारले होते. आधीचे त्यांचे सहा आणि घरातली ओढाताण. ते पुन्हा हिशेब करायला लागले आणि मध्येच थांबले.

रविवारी जाईचा फोन आला. नेहमीप्रमाणे अंजलीच्या फोनवर. तिकडची थंडी, सायकल, ऑफिसातली जेवणाची वेळ. अंजली ऐकत होती, हसत होती. धम्मानंद समोर बसले होते. मग त्यांनी हात पुढे केला. अंजलीने क्षणभर पाहिलं आणि फोन दिला.

"जाई, बाबा बोलतोय. एक सांगायचं होतं."

"हं."

"धनुष्य मी ओढून पाहिलं. तुटलं. एकशे बाराव्या वेळी. त्याच जागी."

पलीकडे सायकलची घंटी वाजली, कुणीतरी परक्या भाषेत हसलं.

"तू कुठे उभा होतास?" जाईने विचारलं.

"लांब होतो. दाराच्या मागे. कप्पीने ओढत होतो."

"लागलं नाही ना?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आईला दे."

त्यांनी फोन अंजलीला दिला. गोडा मसाला किती दिवस टिकतो याबद्दल दोघी बोलायला लागल्या. धम्मानंद उठले, धनुष्याचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले, फुटलेल्या टोकांवर जाड कापड बांधलं, म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागायला नको, आणि लिफ्टने खाली गेले.